उजव्या वहाणेचा आवाज

माझे सासरे घरात येण्याआधी त्यांच्या वहाणा यायच्या.

बुलढाण्याकडच्या धाड गावच्या बाजारात बसणाऱ्या एका मोच्याकडून ते दर दोन वर्षांनी नवी जोडी करून घेत. तळाच्या दोन थरांमध्ये तो कसल्याशा शेंगेच्या बिया घालून शिवायचा आणि वरून आठवडाभर एरंडेल पाजायचा. मग पाय पडला की वहाण बोलायची. कर्र. दुसरा पाय पडला की पुन्हा कर्र. ज्याची वहाण जास्त वाजते त्याचा गावात रुबाब जास्त, अशी तेव्हाची समजूत. आमच्या घरी गावातली सगळ्यात वाचाळ जोडी होती. तिचे मालक मात्र दिवसाला वीस शब्द बोलत असतील, आणि त्यातले दहा बैलांशी.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. सासूबाई म्हणायच्या, "घर जागचं हाललं नाई, अन् आपून तीन राज्यं फिरून आलो." आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. माझं माहेर पिंपळगाव राजाकडचं, कपाशीतलं. सासर धाडपासून दोन कोसांवर, भाजीपाल्याचं. मिरची, वांगी, मेथी, लसूण. माहेरी वर्षातून एकदा पीक निघायचं आणि मग माणसं हातपाय ताणायची. इथे रोज काहीतरी निघायचंच. मला ते आवडलं. सातवी फायनल पास झालेली मुलगी भाजीवाल्याच्या घरात दिली म्हणून माझी आई रडली होती. मी नाही रडले.

त्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. हे कुणी शिकवलं नाही, सगळीकडेच तसं होतं. काही सांगायचं झालं तर सासूबाईंना सांगायचं, तेही सासरे समोर बसलेले असताना: "आत्याबाई, म्हणा की मिठाचा खडा संपला." ते तीन हातांवरून ऐकत असत, तरी सासूबाई पुन्हा सांगत, मग ते सासूबाईंना उत्तर देत. सासूबाई घरात नसल्या तर भिंतीशी बोलायचं. एकदा बैल सुटून मेथीच्या वाफ्यात शिरला. ओट्यावर सासरे एकटेच. मी दाराआडून पाण्याच्या रांजणाला मोठ्याने म्हटलं, "बाई व, बैल मेथीत शिरला वाटते!" सासरे उठले, अंगणातल्या लिंबाला म्हणाले, "चाललो," आणि गेले. रांजण आणि लिंब यांचं चांगलं जमत असे.

आता माझ्या विद्येची गोष्ट. सासऱ्यांना भाकर तव्यावरून थेट ताटात लागायची. शिळी सोडा, पाच मिनिटांपूर्वीची भाकरही ते नुसती उलटीपालटी करून बघत. बोलत नसत, पण त्या बघण्याने माझं डोकं फिरायचं. मी स्वभावाची तिखट. म्हटलं, थांबा, तुम्हाला एकदा तरी भाकर निवलेली मिळाली तर नाव सांगणार नाही.

चुलीजवळ बसलं की वेशीपासून त्यांच्या वहाणा ऐकू यायच्या. दुपारी गल्ली सामसूम असायची. मी मोजायला लागले. वेस ते आमचं दार, नव्वद पावलं. एक कमी नाही, एक जास्त नाही. वेशीत पहिली कर्र ऐकली की भाकर तव्यावर टाकायची, पंचेचाळीसला उलटायची, ते हातपाय धुऊन पाटावर बसले की फुगलेली भाकर ताटात. महिनाभरात सासूबाई चक्रावल्या. "काऊन व, तुले कसं समजते ते आले म्हून? तुह्यात काई वारं येते का?" मी नुसती हसले. देवीचं वारं येतं असं कुणी समजलं तर सुनेला तेवढीच विश्रांती मिळते.

पण नव्वदवर माझं समाधान होईना. शाळेत गणितात माझा कुणी हात धरायचं नाही, आणि इथे वाटाण्याच्या शेंगा सोलण्यापलीकडे मोजायला काही नव्हतं. आमच्या 'ह्यां'ना लग्नात माझ्या वडिलांनी मनगटी घड्याळ दिलं होतं. ते बाजाराच्या दिवशीच हातावर चढायचं. एरवी भिंतीतल्या देवळीत असायचं. ते मी दुपारी चुलीजवळ आणून ठेवू लागले. अर्ध्या मिनिटात पंचावन्न वेळा कर्र. म्हणजे मिनिटाला एकशे दहा पावलं. मग एका सकाळी मोटेच्या पाटाजवळच्या चिखलात त्यांच्या वहाणांचे ठसे ताजे होते. मी वीत टेकवून मोजलं: एका पावलापासून दुसऱ्यापर्यंत तीन विती आणि चार बोटं. माझी वीत शाळेच्या पट्टीवर नऊ इंच भरायची आणि चार बोटं तीन इंच, ते मला पाठ होतं. चुलीतल्या कोळशाने भिंतीवर गुणाकार केला. तासाला तीन मैल आणि बरोबर एक फर्लांग. वर काही उरलं नाही, खाली काही कमी पडलं नाही. इतका आनंद झाला की दाळ उतू गेली.

हल्ली बुटाच्या तळाशी एक पातळशी पट्टी घालतात; पाय किती जोराने पडला, कुठे पडला, माणूस किती वेगाने चालला, सगळं त्यातून कळतं, असं नात सांगते. मी तिला म्हटलं, आमच्या वेळी ते बियांवर व्हायचं. तिला वाटलं, आजी थट्टा करते.

दीड वर्ष माझा हा धंदा चालला. खरं सांगते, त्या दिवसांत मी सुखात होते. वर मान करून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या पायांवरून मी त्यांना ओळखू लागले होते. मिरचीला चांगला भाव मिळाला की बाजारातून येताना एकशे पंधरा. कुणाशी वाजलं असेल तर दोन पावलं जोरात, मग एक थांबा, मग पुन्हा जोरात. ज्या माणसाशी दीड वर्षात एक शब्द बोलले नव्हते, त्याचा राग-लोभ मला त्याच्या बायकोच्या आधी कळत होता. आणि त्यांना भाकर एकदाही निवलेली मिळाली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात, मिरच्या वाळत घालण्याच्या दिवसांत, एका दुपारी मी एकोणनव्वद, नव्वद म्हटलं आणि पाऊल थांबलं नाही. चौऱ्याण्णवला दार आलं. वाटलं, मोजण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी पंच्याण्णव. आठवड्याने शंभराच्या वर. आणि आवाजही बदलला. डावी वहाण कर्र म्हणायची, उजवी नुसती 'कुर'. मग उजवी तेवढंही म्हणेना. एक पाय बोलायचा, दुसरा मुका.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. शेतातून आल्यावर सासूबाई त्यांच्या पायांवर पाणी घालायच्या, ती रीतच होती. आता ते तांब्या हातातून काढून घेऊ लागले. आणि दाराच्या बाजूला, पाठ करून पाय धुऊ लागले.

मी घाबरले, त्याला कारण होतं. माझ्या माहेरी माझे सख्खे काका. त्यांच्याही पायाला असंच काहीतरी झालं होतं. तेही बोलले नव्हते. बोलले तेव्हा पाय गुडघ्याखालून कापावा लागला होता. धिप्पाड माणूस, त्यानंतर बाजेवर बसून माणसं येता-जाता बघत असायचा. माझ्या लग्नात त्यांना बाजेसकट मांडवात आणलं होतं, आणि व्याही म्हणून सासरे त्यांच्याच शेजारी बसले होते. तासाला तीन मैल एक फर्लांग चालणारा हा माणूस उद्या बाजेवर बसलेला मला दिसू लागला.

मी 'ह्यां'ना सांगितलं. ते हसले. "वहाण जुनी झाली असन. अन् बुढा नाई होत का मानूस? तू काय घड्याळ लावून बसली?" आता घड्याळ लावूनच बसले होते, पण ते कसं सांगणार?

गंमत अशी की वहाण मुकी झाल्याचं घरात सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळे वहाणेच्याच मागे लागले. सासूबाईंनी उजवीला एरंडेल पाजलं. डावी न पाजताच जास्त करकरायला लागली, उजवी तशीच. मग त्यांनी ती चुलीच्या उबेला ठेवली. असा दीड महिना गेला. शेजारच्यांनी सांगितलं, बिया चुरल्या असतील. सासऱ्यांनाही तेच सोयीचं होतं. ते म्हणाले, "बाजारात नेऊन शिवून आना," आणि दोन दिवस जुन्या फाटक्या जोडीत फिरले. पाय दुखला म्हणून वहाण दुरुस्तीला पाठवणारं घर दुसरं कुठे असेल तर मला दाखवा.

बाजाराच्या दिवशी मी मेथीची पाटी घेऊन 'ह्यां'च्या मागे धाडला गेले. मोच्याने उजवी वहाण हातात घेतली, वाकवली, कानाशी नेली. मग दोन्ही स्वतःच्या पायात घातल्या आणि दुकानापुढे चार पावलं टाकली. कर्र, कर्र, कर्र, कर्र. दोन्ही सारख्या. बाजारातले लोक वळून बघायला लागले.

मग त्याने वहाणा उलट्या केल्या. डावी टाचेला झिजलेली, जशी झिजायला हवी तशी. उजवीचा चवडा झिजून पातळ झालेला, आणि टाच कोरी. जणू कालच शिवली.

"वहाणीले काई नाई झालं," तो म्हणाला. "थे बोलते, पन तिच्यावर कोनी पाय देऊन नाई राह्यलं. जोडा ठेवून जा अन् मानूस दवाखान्यात न्या."

'हे' उगाच हसले, वहाणा काखेत मारल्या आणि घरी येऊन वडिलांना म्हणाले, "झाली दुरुस्त." बापासमोर आमच्या ह्यांची जीभ टाळूला चिकटायची. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी भाजीत तिखट दुप्पट टाकलं. सगळे गुमान जेवले.

मग मी रीतीप्रमाणे सासूबाईंना सांगितलं. पायाचं, मोच्याचं, काकांचं, सगळं. सासूबाई घाबरल्या. त्यांनी संध्याकाळी ओट्यावरच विचारलं, "पायाले काई झालं का? सून म्हनते, तुमी टाच नाई टेकवत."

सासरे वहाणा चढवून उठले आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. कर्र, कर्र, कर्र, कर्र. उजवीसुद्धा खणखणीत.

"हे पाह्य," ते म्हणाले. "काई नाई झालं."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. मी दाराच्या फटीतून बघत होते. हिवाळ्याची संध्याकाळ, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब. तसेच चालत ते गल्लीत गेले. कोपऱ्यापर्यंत दोन्ही वाजल्या. कोपरा वळला आणि उजवी मुकी झाली.

त्यांना कळलं होतं की कुणीतरी ऐकतं आहे. म्हणजे आता माझं मोजणंही कामाचं राहिलं नाही. घरात शिरताना ते कसंही करून टाच दाबणार, आणि आतलं दुखणं वाढवणार. त्या रात्री मी एकच विचार करत पडले: आपण जे करतो आहोत त्याला मर्यादा म्हणतात की भित्रेपणा?

दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीत वहाणा वाजल्या. मी मोजलं, पण भाकर टाकली नाही. ते आले, पाटावर बसले. ताट रिकामं. सासूबाई कालवण घेऊन उभ्या, माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. मी पदर कपाळावर ओढला, चुलीपासून उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी बोलले, आणि भिंतीला नाही, रांजणाला नाही, त्यांनाच.

"मामाजी, वेशीपासून दारापावतर तुमचे नव्वद पावलं होते. आता एकशे बारा होते. उजवी टाच तुमी टेकवूनच नाई राह्यले. माह्या काकाचं असंच झालं होतं, तुमी त्यायले पाह्यलं. उद्या बुलढाण्याले चाला."

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मला वाटलं, आता ताट भिरकावतील आणि मला माहेरी धाडतील. ते खाली बघत होते.

"एकशे बारा?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"कोनं मोजले?"

"म्या."

"कवापासून?"

"लगन झालं तवापासून."

मिरचीची रोपं लावताना काठीने अंतर मोजून लावणारा माणूस तो. डोळ्यांनी अंदाज करणाऱ्यावर त्यांचा विश्वास नसे. थोडा वेळ ते ताटाच्या काठावर बोट फिरवत राहिले. मग हळूच त्यांनी उजवा पाय पुढे केला आणि टाच वर केली.

टाच काळी ठिक्कर होती. शेतात काटा घुसला होता, तो त्यांनी स्वतःच कोरून काढला आणि वरून बिब्ब्याचा चटका दिला. आमच्याकडे सगळेच देतात, त्याने जखम मिटते. मिटली. वरचं कातडं जळून, कडक होऊन बंद झालं, आणि आत अर्धा काटा राहिला. वरून काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्यांना वाटलं बरं होईल. आणि होईना तेव्हा, ते नंतर सांगत, त्यांना मांडवातली ती बाज आठवायची. डॉक्टर बघेल तर कापेल, म्हणून कुणाला बघूच द्यायचं नाही.

सकाळच्या एसटीने आम्ही बुलढाण्याला गेलो, ते, सासूबाई, 'हे' आणि मी. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, आणि थांबही म्हटलं नाही. डॉक्टर वयस्कर होते. टाच दाबून, हुंगून त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"आठ-दहा दिस," सासरे म्हणाले.

"दोन महिने," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग टाच उघडली. काय निघालं ते सांगत नाही. बोटाच्या पेराएवढा काटा निघाला एवढं पुरे. 'हे' भिंतीला टेकून खाली बसले. मलमपट्टी झाल्यावर डॉक्टरांनी पोटरीच्या मध्यावर हाताची धार टेकवली. "आणखी पंधरा दिवस गेले असते तर मी इथून कापला असता. आता पाय राहील." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला दोन महिने ठाऊक होतं, मग आणलं का नाही?"

घरी जे इतकं साधं, रोजचं होतं, ते त्या पांढऱ्या खोलीत सांगायला लाज वाटली. पाय राहिला म्हणून आनंद करावा, की दोन महिने भिंतीशी बोलत बसले म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, कळेना. मला रडू आलं.

खाटेवरून सासरे म्हणाले, "तिचा कसूर नाई, डॉक्टरसाहेब. आमच्या घरी सुनेनं बोलायचं नसते. म्याच कधी मोडलं नाई थे."

त्यांच्या तोंडून एका दमात इतके शब्द आम्ही कुणीच ऐकले नव्हते. सासूबाई तर आ वासून बघत राहिल्या.

तीन आठवड्यांनी ते घरी आले. डॉक्टरांनी मऊ रबरी चप्पल घालायला सांगितली होती आणि रोज गल्लीत थोडं चालायला. टाच टेकवूनच चालायचं, चवड्यावर चालायची सवय लागली तर जन्माचे लंगडे राहाल, असा दम दिला होता. पण त्यांना स्वतःला कळेना. इतके दिवस टाच उचलून चालल्यावर ती टेकते की नाही याचा अंदाजच गेला होता, आणि रबरी चप्पल काही सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत शेंगा सोलत होते. अंगणातून हाक आली. "सूनबाई!"

सासूबाईंनी सवयीने "काय म्हनता?" विचारलं.

"तुले नाई. तिले बोलावलं. आवाज तं नाई या चपलीले. तिले म्हन... नाई, तूच आईक, सूनबाई. भाहेर ये, ओट्यावर बस, अन् माह्या पायाकडे पाह्य."

मी पदर सारखा केला आणि ओट्यावर जाऊन बसले. भरल्या सकाळी, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या देखत, सासऱ्यांच्या समोर. समोरच्या घरातली बाई तर पाण्याची घागर कमरेवर तशीच घेऊन थांबली. ते काठी टेकत निघाले, वीसेक पावलं गेले, वळले आणि परत आले. धाप लागली होती. चेहऱ्यावर मोठा पराक्रम केल्यासारखा आनंद होता.

"टेकते का टाच?"

सगळी गल्ली ऐकत होती. 'टेकते' म्हणणं सोपं होतं, आणि सुनेला शोभलंही असतं.

"नाई टेकत, मामाजी," मी म्हटलं. "तुमी काठीवर भार देऊन फसवून राह्यले."

समोरच्या बाईने तोंडाला पदर लावला. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा, सरळ तोंडाकडे. मग काठी माझ्या हातात दिली.

"मंग धर हे," ते म्हणाले, "अन् आता पाह्य." आणि पुन्हा चालायला लागले.